नंबर सात

सकाळी पहिलं काम पाणी सोडायचं.
खुर्चीच्या नळीत रात्रभर साचून राहिलेलं
दोन मिनिटं वाहू द्यायचं, घड्याळ लावून.
आमच्या पूर्व भागात नळ चौथ्या दिवशी येतो,
आई तांदळाचं धुवणसुद्धा कुंडीत ओतते,
आणि मी इथं
चांगलं दिसणारं पाणी सोडून देते.
पहिल्या महिन्यात हात धजत नव्हता.
आता खाली बादली लावते. संडासाला होतं.

मग चिमटे, आरसे,
दाढेच्या मुळात शिरणाऱ्या बारीक सुया.
जाड हातमोजे घालून ब्रशनं घासायच्या,
मग पुडीत, मग ऑटोक्लेव्हमध्ये.
बाबा म्हणतात, म्हणजे कुकरच की.
कुकरच, पण शिट्ट्या मोजून भागत नाही.
एकशे एकवीसवर वीस मिनिटं,
आणि पुडीवरची पट्टी काळी पडली पाहिजे.
बाराव्या मिनिटाला लाईट गेली
तर पुन्हा शून्यापासून.
एप्रिलात ती जातेच.

बाबांनी चाळीस वर्षं मागावर टॉवेल काढले.
धागा तुटला की त्यांना आवाजावरून कळायचं.
इथं काही ऐकू येत नाही.
इथं सगळं स्वच्छ दिसतं, तीच भीती.

इरण्णा मास्तर आले तेव्हा सहा नंबर आत होता.
शाळांचे गणवेश शिवतात. गाल सुजलेला.
फॉर्म भरताना पेन एका चौकोनापाशी थांबलं,
मग उठून टेबलाशी आले. हळू म्हणाले,
"ताई, मला कावीळ ब हाय. जुनी, रक्तातली.
शेवटी घ्या मला, सगळे गेल्यावर.
मागं एका ठिकाणी खुर्चीला पेपर गुंडाळले होते.
दुसरीकडं म्हणाले, डॉक्टर नाहीत.
आतून त्यांचा आवाज येत होता."

मी फॉर्म घेतला.
म्हटलं, तुमचा नंबर सात.

हातमोजे सहाला होते तसेच साताला, नवे.
मास्क, चष्मा, दिव्याच्या दांडीवरचं प्लास्टिक,
लाळ ओढायची नळी,
सहाचं सगळं काढलं, साताचं लावलं.
हत्तुरे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
तोंड उघडून बसलेला प्रत्येक माणूस
काहीतरी सांगायचं राहिलेला माणूस आहे असं समज.
कधी कधी त्यालाही ते ठाऊक नसतं.

मास्तर सुईकडं बघत होते.
मी म्हटलं, माझी तिन्ही इंजेक्शनं झालीत, या कावीळीची.
त्यांना बरं वाटलं. माझ्यासाठी.

वापरलेल्या सुईवर टोपण घालायचं नसतं.
मागच्या साली मी घातलं होतं, घाईत.
अंगठ्यावर एक थेंब.
नळाखाली हात, रक्ताची तपासणी, एचआयव्हीची पण,
आणि तीन महिने मी घरी ताट वेगळं घेतलं.
जेवणानं होत नाही, हे मला पाठ होतं.
आईला सांगितलं, डाएट करतेय.

हे मास्तरांना सांगायला नको होतं बहुतेक.
ते म्हणाले, आमच्यात रोजच टोचते की.
बोट तोंडात घालायचं नि पुढं शिवायचं.

दाढ निघाली. कापूस चावून बसले.
बोलता येईना, म्हणून माझ्या काखेकडं बोट दाखवलं.
ॲप्रन उसवला होता.
किती दिवसांचा, देव जाणे.

पुढच्या सोमवारी एक नवा ॲप्रन आला, पेपरात गुंडाळून.
बाही मनगटापर्यंत पुरती, काखेत दुहेरी शिलाई.
माप न घेता.

रात्री तो उकळत्या पाण्यात टाकायला घेतला.
नवं कापड आम्ही धुऊनच घालतो, खळ असते.
टाकताना हात थांबला.
नवा म्हणून, की त्यांचा म्हणून?
नवा म्हणून, म्हटलं.
पाणी उकळत होतं, चौथ्या दिवसाचं.
मी पुन्हा एकदा विचारलं.